तांडेलाची बाज

रुपल सून होऊन घरात आली त्या वर्षीच्या जेठात, भर दुपारी, चार माणसं नारू तांडेलाची बाज उचलायला वाकली आणि नारूने डाव्या हाताने खिडकीचा गज धरला.

"सोडा काका," मनिष म्हणाला. "शाळेपर्यंतच न्यायचंय. परत आणून ठेवतो."

"ठेव खाली."

"अजून उचललीच नाही."

"मग उचलू नको."

मनिष कमरेवर हात ठेवून उभा राहिला. बाकीच्या तिघांनीही बाजेचे पाय सोडले. त्यात नारूचा मुलगा धर्मेश होता. तो बापाकडे न बघता दाराकडे बघत राहिला. दारात श्यामकांत साहेब छत्री मिटून उभे होते. कचेरीतून ते पुराची तालीम घ्यायला आले होते. सकाळीच शाळेवरचा भोंगा वाजवून पाहिला होता. भोंगा वाजला की कोणी कुठे जायचं, कोणाची म्हातारी माणसं कोणी न्यायची, सगळं ठरलं होतं. खाडीच्या काठावरच्या घरांत नारूचं घर सर्वांत खाली होतं, आणि अंथरुणाला खिळलेला तोच एक होता. त्याची बाज उचलून शाळेपर्यंत नेणं हेच तालमीतलं मुख्य काम होतं.

"काका, अडचण काय आहे?" साहेबांनी विचारलं.

तांडेल म्हणून आयुष्यभर नावेचं सुकाणू धरलेल्या नारूचं उजवं अंग वाऱ्याने गेलं होतं. बोलताना तोंडाची एकच बाजू हलायची, पण शब्द कळत.

"चौघांच्या खांद्यावर माणूस एकदाच जातो, साहेब. मला घाई नाही."

मागून कोणीतरी हसलं. मग हसू थांबलं. साहेबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. ते वाईट माणूस नव्हते. चपला त्यांनी न सांगता बाहेर काढल्या होत्या.

कोपऱ्यात विटा रचलेल्या होत्या. मागच्या पावसाळ्यात पाणी घरात शिरलं तेव्हा त्याच्या बायकोने, शांतीने, त्याच विटा बाजेच्या पायांखाली सारल्या होत्या. वर डोंगरात पाऊस आणि खाली उधाणाची भरती. पाणी बाजेच्या नवारीच्या पट्ट्यांना लागलं तेव्हा विटाही संपल्या. मग ती नारूच्या उशाशी पाण्यात उभी राहिली आणि ओहोटी लागेपर्यंत तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी वर धरून ठेवलं. धर्मेश तेव्हा समुद्रात होता. त्या दिवसाबद्दल नवरा-बायको कधी बोलले नाहीत. विटा मात्र तिने फेकल्या नाहीत.

"मग आजचा पेशंट कोण?" साहेबांनी विचारलं. "कोणीतरी हवं. रिकामी बाज नेऊन काय कळणार?"

कोणी पुढे येईना. अंगणात जमलेल्या बाया एकमेकींच्या मागे सरकल्या. शांती सुक्या जवळ्याची गोण शिवत बसली होती. तिने दाभण गोणीत खोचलं, हात पदराला पुसले.

"मी बसते."

"अगो, भरल्या कपाळाची तू," शेजारची जमना म्हणाली. "जिवंतपणी खांद्यावर चढतेस?"

"भरल्या कपाळानेच चढायचं असतं की. आज चढले काय, उद्या काय."

बाया हसल्या. जमनाच्या घरची बाज आणली. शांती तिच्यावर आडवी झाली, साडी पायांशी नीट केली आणि डोळे मिटून घेतले. मग एक डोळा उघडून मनिषला म्हणाली, "पाडलंस तर तुझ्या आईला सांगेन."

चौघांनी बाज खांद्यावर घेतली. गल्लीतून पोरं पुढे पळाली. नारू खिडकीतून बघत होता. वळणावर देवळाच्या भिंतीआड बाज दिसेनाशी झाली तरी तो तिकडेच बघत होता. मग त्याने गज सोडला आणि तोंड भिंतीकडे केलं. घरात त्याच्याजवळ रुपल थांबली होती. तिने पाणी पुढे केलं. त्याने घेतलं नाही.

शाळेत गावची आशा-सेविका प्राजक्ता रक्तदाबाचं यंत्र मांडून बसली होती.

"पेशंट आहेस तर पेशंटसारखी बस," ती शांतीला म्हणाली, आणि तिच्या दंडाला पट्टा बांधला. यंत्राकडे बघितलं. पट्टा सोडून पुन्हा बांधला.

"काकी, गोळी चालू आहे का कसली?"

"माझी कसली गोळी? तांडेलाच्या देता देता दिवस जातो."

"उद्या सरकारी दवाखान्यात ये. मी असते तिकडे."

"भीतीने वाढलं असेल गो. ह्या मनिषने पायऱ्यांवर शेवाळावर पाय ठेवला. माझा जीव वर गेला तो तिथेच राहिला."

सगळे हसले. मनिषने कान पकडले. साहेब म्हणाले, तालीम उत्तम झाली. चहा आला.

रात्रीच्या जेवणाआधी नारू पहिल्यांदा बोलला.

"कसं वाटलं?"

"काय?"

"वर."

शांती त्याच्यासाठी भात कालवत होती. "सगळ्यांची छपरं दिसतात. जमनाचा हरवलेला डबा देवळाच्या पत्र्यावर पडलाय."

"पुन्हा चढू नको."

"मग तू चढ."

तिने घास पुढे केला. त्याने तोंड उघडलं नाही. घास हातात धरून ती तशीच बसून राहिली.

रुपल चुलीपाशी होती. ती उंबरगावकडची. तिकडेही घरं मासेमारांचीच, पण बोलताना तिचं मराठी मध्येच गुजरातीकडे वळायचं, आणि सासूला ती तिकडच्यासारखं बा म्हणायची. सासऱ्यासमोर ती फारशी बोलत नसे. भाकरी उलटता उलटता ती म्हणाली, "पण बा, ते चौघं नारळी पुनवेनंतर असणार कुठे?"

शांतीने घास ताटात परत ठेवला.

मासेमारी बंद होती. नावा काठावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या होत्या. पुरुष ओट्यांवर जाळी सांधत, पत्ते खेळत, बायकांच्या पायांत येत. ते सदाचेच घरी असल्यासारखे वाटत होते. पाणी येतं श्रावण-भादव्यात. तेव्हा धर्मेश काय, मनिष काय, चौघेही नावेवर असतात. गावात उरतात म्हातारे, पोरं आणि बाया. मागच्या वर्षीही तसंच होतं. हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तालमीत एकालाही आठवलं नव्हतं.

प्राजक्ताने साहेबांना फोन लावून दिला.

"हे त्या दिवशी कोणी बोललं का नाही?" साहेब म्हणाले.

"आम्हालाच सुचलं नाही, साहेब," शांती म्हणाली. "जेठात पुरुष घरात दिसतात ना."

मग ते म्हणाले, "शहरातून माणसं पाठवतो म्हणेन, पण रस्ता बुडाला तर ती पोचायची नाहीत. तुम्हाला खोटं काय सांगू?"

जमना ओट्यावर बसून ऐकत होती. "पुरुष नाहीत तर बाया आहेत," ती म्हणाली. "इतकी वर्षं बाजाराच्या पाट्या काय नवऱ्यांनी वाहिल्या?"

दुसऱ्या दिवशी अंगणात बाज आली. तिच्यावर भिजवलेली जाळी टाकली, कारण ओलं जाळं माणसासारखंच लोळागोळा होऊन पडतं. खांद्यावर घेऊन बघितलं तर चौघींच्या चार तऱ्हा झाल्या. खांद्याला सवय नव्हती. मग शांती आत गेली आणि चुंबळ घेऊन आली. जुन्या लुगड्याची, पीळ घालून घट्ट केलेली, वर्षानुवर्षांच्या पाटीने मध्ये दबलेली. ती डोक्यावर ठेवून ती बाजेच्या एका कोपऱ्याखाली शिरली.

"डोक्यावर घ्या. मानेला कळतं ओझं कसं न्यायचं."

जमना एका कोपऱ्याला, रुपल दुसऱ्याला. प्राजक्ता चौथी. ती बुटकी, म्हणून तिला दोन चुंबळी दिल्या. बाज उचलली गेली ती सरळ, पाण्यावर ठेवल्यासारखी. शांतीने मुद्दाम खिडकीसमोरूनच फेऱ्या घातल्या.

"डावीकडे झुकलीय," आतून आवाज आला. "माल सांडेल."

"मालाने गप्प पडायचं असतं," जमना ओरडून म्हणाली.

शांती बाजेखालून बाहेर आली, खिडकीशी गेली. चुंबळ डोक्यावरच होती.

"येतोस? खांदा नाही हा. डोकं आहे."

"मी काय बोंबील आहे?"

"बोंबील वाळला तरी विकला जातो."

नारूच्या तोंडाची एक बाजू हलली. हो म्हणाला नाही. पण कोणी उचलायचं म्हटलं की गजाकडे जाणारा हात त्या दिवशी पोटावरच राहिला. शांतीने पाचही चुंबळी दाराजवळच्या खुंटीला टांगल्या, सर्वांत वर आपली.

नारळी पौर्णिमा झाली, नावा गेल्या. प्राजक्ता दोनदा घरी येऊन गेली. दवाखान्यात कधी येतेस, असं तिने दोन्ही वेळा विचारलं. शांती म्हणाली, पाऊस सरू दे.

पिठोरी अवसेला सकाळपासून वरच्या अंगाला आभाळ काळं होतं. खाडीचं पाणी लाल झालं. झाडाच्या फांद्या, कोणाच्या तरी कुडाचा तट्टा, एक कोंबड्यांचा खुराडा वाहत आला. दुपार व्हायच्या आत शाळेवरचा भोंगा वाजला.

जमना आणि प्राजक्ता गल्लीतूनच धावत आल्या. पाणी अंगणात घोट्याएवढं होतं. रुपलने खुंटीवरून चुंबळी काढल्या. शांतीने नारूच्या अंगावर ताडपत्री घातली, छातीवरून दोर घेतला आणि बाजेला बांधला.

नारूने गज धरला.

जमनाने तोंड फिरवलं. शांतीने खिडकी पूर्ण उघडली.

"तांडेल, पाणी बघ."

त्याने बघितलं. बराच वेळ बघत राहिला. खाडीच्या तोंडाशी लाल पाणी आणि राखाडी पाणी समोरासमोर आलं होतं, आणि मध्ये एक रेघ उभी राहिली होती.

"हे वरचं," तो म्हणाला. "भरती अजून यायचीय. दोघं भेटली की इथे छपराला लागेल."

"मग?"

त्याने हात सोडला. "मग उभ्या काय राहिलात? चला."

चौघींनी बाज डोक्यावर घेतली. दारातून निघताना रुपलला वाकावं लागलं, तेवढीच बाज कलली. गल्लीत पाणी गुडघ्याला आलं, मग वर. खाली पाय कुठे पडतोय ते दिसत नव्हतं. नारूला वरचं आभाळ तेवढं दिसत होतं, पण बाजेच्या हलण्यावरून त्याला सगळं कळत होतं.

"पुढची, हळू. ओढ डावीकडे आहे. भिंतीच्या अंगाने घे."

"तांडेल, भाव काय लावू?" जमनाने विचारलं.

"बाजार बघून लाव."

शांती मागच्या डाव्या कोपऱ्याला होती. नारूचा चालता हात बाजेवरून खाली लोंबला आणि तिच्या केसांना लागला. त्याने तो वर घेतला नाही. सुकाणूवर ठेवावा तसा तो हात तिथे राहिला. डावीकडे घ्यायचं असलं की बोटं जरा दाबत, उजवीकडे घ्यायचं असलं की सैल पडत. शांती त्याप्रमाणे चालली आणि तिच्याबरोबर बाकीच्या.

देवळाच्या वळणावर, पायऱ्या सुरू होतात तिथे, ती म्हणाली, "थांबा जरा."

सगळ्या थांबल्या. पाणी मांड्यांना लागलं होतं.

"काय झालं, बा?" रुपलने विचारलं.

"चुंबळ सरकली."

प्राजक्ता तिच्या शेजारच्या कोपऱ्याला होती. तिने मान न हलवता डोळे वळवले. चुंबळ जागेवर होती. शांतीने एक हात बाजेच्या पायावरून काढून छातीशी धरला होता, आणि ती तोंडाने श्वास घेत होती.

"काकी—"

"बसली. चला."

पायऱ्यांवर शेवाळ होतं. त्यांनी कडेकडेने पाय टाकले. शाळेच्या पडवीत बाज उतरवली तेव्हा चौघींच्या माना ताठ झाल्या होत्या, आणि नारूच्या अंगावर पावसाचं सोडून एक थेंब पाणी नव्हतं. शांती भिंतीला टेकून खाली बसली. नारू तिच्याकडे बघत होता.

"दमलीस?"

"तू जड आहेस."

संध्याकाळी ओहोटी लागली. घरात परतल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ दिसली. ती खिडकीच्या वरून गेली होती, बाजेवर निजलेल्या माणसाच्या पुष्कळ वरून. विटा वाहून गेल्या होत्या. धर्मेशचा फोन आला. नावा दुसऱ्या बंदराला लागल्या होत्या, सगळे सुखरूप. शांतीने फोन नारूच्या कानाला लावला.

श्यामकांत साहेब दोन दिवसांनी चिखल तुडवत आले. त्यांनी चुंबळ हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. काठच्या बाकीच्या गावांतही बायकांनाच शिकवायचं, असं ते म्हणाले. शांतीने त्यांना बसायला पाट दिला. माझ्याआधी तांडेलाला विचारा, वरून सगळा हुकूम त्याचा होता, असं म्हणाली. प्राजक्ता तिथेच उभी होती.

"आता तरी ये दवाखान्यात."

"चिखल काढू दे गो. घर बघतेस ना?"

चिखल निघाला तोवर नवरात्र आलं. नवरात्र झालं, दिवाळी झाली, आणि बोंबील लागले. खाडीकाठच्या वलांड्या, बांबूच्या उभ्या-आडव्या, बोंबलांनी पांढऱ्या झाल्या. त्या दिवसांत बाईला बसायला सवड नसते. नारूची बाज शांतीने वलांड्या दिसतील अशी खिडकीशी सरकवली होती. ऊन वर आलं की ती तिकडून हात करायची. तो डावा हात वर करायचा.

मग एका दुपारी अंगणात पुन्हा माणसं जमली. धर्मेशला समुद्रातून बोलावून घेतलं होतं. मनिष त्याच्याबरोबरच आला. जाळं ओढताना उडालेलं खवल्यांचं पाणी दोघांच्या कपड्यांवर अजून ओलं होतं. चौघांनी खांदा दिला, जेठातलेच चौघे. मनिष तेव्हा होता त्याच कोपऱ्याला उभा राहिला. पायऱ्यांवर शेवाळ कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. या वेळी त्याला कोणी दटावलं नाही.

ते निघाले तसा नारू म्हणाला, "मला उचला."

बाया ओट्यावर बसल्या होत्या. जमनाने पदर तोंडावरून काढला.

"तांडेल, आम्ही तिकडे येत नाही. बाया वळणावरून मागे फिरतात. तुला ठाऊक आहे."

"वळणापर्यंत न्या."

रुपल उठली. तिने खुंटीवरून चुंबळी काढल्या. आपली घेतली, जमनाची जमनाला दिली, दोन प्राजक्ताला दिल्या. एक उरली, मध्ये दबलेली. ती हातात घेऊन ती उभी राहिली. कोणाच्या हातात द्यावी ते तिला कळेना. तेव्हा जमनाची सून पुढे आली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि डोक्यावर ठेवून मागच्या डाव्या कोपऱ्याखाली शिरली.

वाट कोरडी होती. नारूने डोळे उघडे ठेवले होते. त्याचा डावा हात बाजेबाहेर लोंबत होता. खाली कोणाचं डोकं आहे ते त्याला माहीत होतं, म्हणून त्याने तो कशालाच टेकू दिला नाही.

वळण आलं. पुढे पुरुष वाळूकडे उतरत होते. मागून चालत आलेल्या बाया थांबल्या. पुढच्या कोपऱ्याला रुपल होती. तिने मान वळवली नाही, पाऊलही थांबवलं नाही. बाजेखालच्या बाकीच्या तिघी तिच्याबरोबर चालत राहिल्या.

शांती वारली ती त्याच वर्षी, मार्गशीर्ष वद्य नवमीला, सकाळी उन्हं वर येताना, वलांडीवर बोंबील टांगता टांगता. खिडकीतून नारूने हात वर केला होता.